रेडीचा टनावारी हिशेब

देशाच्या निर्यात धोरणातल्या लोहखनिजाच्या नोंदी वाचताना वेंगुर्ले तालुक्यातले एक गाव अवचित समोर येते. ६४ टक्क्यांपेक्षा जास्त लोह असलेले खनिज एमएमटीसी या सरकारी व्यापारी कंपनीमार्फतच बाहेर जावे, असा नियम वर्षानुवर्षे होता. गोव्याच्या खनिजाला चीन, जपान, दक्षिण कोरिया, तैवान आणि युरोपपुरती मोकळीक होती. आणि रेडीच्या खनिजासाठी वेगळी ओळ होती: लोहाचे प्रमाण कितीही असो, कोणत्याही देशाला खुले. तेरेखोल खाडीच्या अलीकडच्या एका गावाचे नाव दिल्लीतल्या धोरणकर्त्यांच्या लेखी इतके नेमके नोंदलेले असणे ही लहान गोष्ट नव्हे. रेडीचा माल कोणत्या प्रतीचा, तो देशातल्या पोलाद कारखान्यांना हवा की नको, कोणत्या समुद्रातून कोणाकडे जावा, या प्रत्येक प्रश्नावर कोणीतरी बसून विचार केला होता. माझे म्हणणे असे की, इतका बारकाईने विचार त्या मालाचा झाला, तो काढणाऱ्या माणसांचा कधीच झाला नाही. त्यांच्यासाठी कायदे झाले, निधीही झाले, पण ते सगळे टनाला बांधलेले होते. टन वाढला की निधी वाढे आणि टन थांबला की निधीही थांबे. म्हणजे मदतीची गरज सर्वांत जास्त असे त्याच दिवशी मदतीचा झरा आटे. रेडीच्या खाणीचा इतिहास मला या एका दोषाभोवती फिरताना दिसतो.

हा दोष खाणीबरोबर जन्मला नाही. वेंगुर्ल्याने लोहखनिजाच्या कितीतरी आधी दुसऱ्यांचा माल वाहून पोट भरायला सुरुवात केली होती. १६३७ च्या सुमारास डचांनी इथे वखार घातली. गोव्याची नाकेबंदी करणाऱ्या त्यांच्या आरमाराला इथून शिधा मिळत असे. जांभ्याच्या चिऱ्यांत बांधलेल्या त्या वखारीचे अवशेष अजून गावात उभे आहेत. १८१२ मध्ये सावंतवाडीकरांकडून वेंगुर्ले इंग्रजांकडे गेले, आणि आंबोली घाटाचा रस्ता झाल्यावर बेळगाव-धारवाडकडचा कापूस बैलगाड्यांतून उतरून या बंदरात येऊ लागला. गाडीवान, हमाल, तांडेल, खलाशी, वखारीतले कारकून असा मोठा वर्ग त्या मालावर जगत होता. मग मुरगावच्या बंदराला रेल्वे जोडली गेली, १८८८ पर्यंत तो मार्ग पुरा झाला, आणि घाटावरचा माल तिकडे वळला. वेंगुर्ल्यातल्या कोणाचीही त्यात चूक नव्हती, आणि कोणी त्यांना विचारलेही नव्हते. पुढच्या पिढ्यांनी मुंबईची बोट धरली. शेजारच्या शिरोड्यात मिठागरांची गोष्टही याच जातीची होती. तिथे सरकार मण मोजून कर घेत असे, आणि १९३० च्या मे महिन्यात शिरोड्याला सत्याग्रह झाला तो याच कराविरुद्ध. आगरात राबणाऱ्याची मजुरी, त्याचे पाय, त्याचे डोळे यांची नोंद कुठल्याही मणात नव्हती. जमिनीतून किंवा समुद्रातून निघणाऱ्या वस्तूचे वजन करून तिच्यावर हक्क सांगायचा, ही राज्यकर्त्यांची सवय रेडीला खाण सुरू होण्याआधीच या किनाऱ्यावर मुरलेली होती.

रेडीचे खनिज हे गोव्याच्या लोहपट्ट्याचेच उत्तरेकडचे टोक. सावंतवाडी आणि दोडामार्ग तालुक्यांतही त्याच पट्ट्याचे तुकडे आहेत. गोव्यात पोर्तुगीज सरकारने १९०६ च्या फर्मानाने खाणींच्या सनदा देण्याची चौकट घालून दिली होती, पण खरा व्यापार वाढला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. युद्धात उद्ध्वस्त झालेला जपान पोलाद उद्योग नव्याने उभारत होता, त्याला खनिज हवे होते, आणि गोव्याच्या नद्यांतून बार्ज थेट बंदरापर्यंत जात असल्याने तिथला हलका मालही त्याला परवडत होता. त्याच लाटेत, विसाव्या शतकाच्या मध्यानंतर, बेळगावच्या गोगटे घराण्याच्या कंपनीने रेडीत खाणकाम वाढवले. जमेची बाजू अशी की डोंगर समुद्राला लागूनच होता. गोव्यात खाणीपासून नदीपर्यंत आणि नदीतून मुरगावपर्यंत जो लांबचा प्रवास करावा लागे, तो इथे फार थोडा होता. रेडीच्या बंदरातून बार्ज भरायची, बाहेर खोल पाण्यात नांगरलेल्या जहाजाला नेऊन लावायची आणि माल वर चढवायचा. अडचण एकच, आणि ती पावसाची. आषाढात हा समुद्र कोणालाच आत-बाहेर करू देत नाही. तेव्हा भराईचा हंगाम ऑक्टोबरपासून मेपर्यंत. या हंगामाकडे पुढे परत यावे लागेल, कारण कायद्याच्या एका आकड्याशी त्याची विचित्र गाठ पडते.

सुरुवातीच्या दशकांतले काम हाताचे होते. पहार, कुदळ, घमेले, पाटी. माती आणि खनिज वेगळे करणे, ढेकळे फोडणे, चाळणे, डोक्यावरून वाहून ट्रकपर्यंत नेणे, यात बायकांचा वाटा मोठा होता. किनाऱ्यावरची घरे मुंबईच्या मनिऑर्डरीवर चालत. पुरुष गिरणीत आणि बाई खाणीवर, अशी सोय एका घरात होऊ शकत असे. स्वतंत्र भारताच्या सरकारने या कामगाराला अगदी वाऱ्यावर सोडले होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९५२ च्या खाण कायद्याने कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी, पिण्याचे पाणी, पाळणाघर यांची तरतूद केली. १९६३ मध्ये लोहखनिज उद्योगासाठी केंद्रीय वेतन मंडळ नेमले गेले. आणि १९६१ मध्ये लोहखनिज खाण कामगारांच्या कल्याणासाठी उपकर बसवणारा कायदा झाला. पुढे १९७६ मध्ये मँगनीजच्या खाणींनाही सामावून घेणारा नवा कायदा आला. या निधीतून दवाखाने, घरे, मुलांच्या शिष्यवृत्त्या, पाण्याच्या योजना व्हायच्या होत्या, आणि देशातल्या मोठ्या लोहपट्ट्यांत काही प्रमाणात त्या झाल्याही. हे मान्य करूनच पुढे जायला हवे.

पण हा उपकर कसा आकारला जात होता ते पाहा. टनामागे. १९७६ च्या कायद्याने लोहखनिजासाठी घातलेली कमाल मर्यादा होती टनाला एक रुपया. खाणीत माणसे किती, त्यांची मजुरी किती, त्यांपैकी किती कंत्राटी, किती आजारी, यांचा आकारणीशी संबंध नव्हता. शंभर माणसे हाताने जेवढा माल काढत तेवढाच माल दहा माणसे यंत्राने काढू लागली, तरी निधी तोच. आणि दहाही माणसे उरली नाहीत, खाण बंद पडली, तर शून्य. शिवाय टनाचा रुपया रुपयाच राहिला आणि टनाची किंमत मात्र कुठल्या कुठे गेली. २०११ च्या आरंभी ६२ टक्के लोहाच्या बारीक खनिजाचा जागतिक भाव टनाला १९० डॉलरच्या आसपास पोचला होता. रेडीच्या हलक्या मालाला त्याहून कितीतरी कमी मिळत असणार, तरीही एका रुपयाच्या मर्यादेशी त्याची तुलना करवत नाही. सरकारने आपल्या स्वामित्वधनाची मात्र वेळोवेळी दुरुस्ती केली. आधी टनामागे ठरावीक रुपये, २००९ पासून किमतीच्या १० टक्के, २०१४ पासून १५ टक्के. भाववाढीचा लाभ तिजोरीला मिळावा ही काळजी घेतली गेली. कामगारांचा उपकर तसाच राहिला, आणि २०१६-१७ च्या सुमारास कररचना सुटसुटीत करण्याच्या ओघात तो रद्दही झाला. त्या वेळी त्यावर कुठे मोठी चर्चा झाली नाही, यातच त्याची उरलेली ताकद कळते.

यंत्रे येणारच होती, असे म्हटले जाते. पोकलेन आणि डंपर यांच्याशी पाटीवाल्या बाईने स्पर्धा करावी असा हट्ट कोणी धरू नये. हा आक्षेप अर्धा खरा आहे. यंत्रे कशी यावीत, किती वेगाने यावीत, आणि आधीच्या माणसांचे काय करावे, हे निर्णय माणसे घेतात. त्यासाठी रेडीतून बाहेर पाहावे लागते. छत्तीसगडातल्या दल्ली-राजहरा इथे भिलाई पोलाद कारखान्याच्या लोहखाणींत १९७७ पासून शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली कंत्राटी कामगार संघटित झाले. पूर्ण यांत्रिकीकरणाचा प्रस्ताव आला तेव्हा त्यांनी नुसता नकार दिला नाही. अर्ध-यांत्रिकीकरणाचा पर्याय मांडला: कोणते काम यंत्राने, कोणते हाताने, त्याचा खर्च काय, हे सगळे आकड्यांनी दाखवले. स्वतःच्या वर्गणीतून त्यांनी १९८३ मध्ये शहीद रुग्णालयही उभारले. उलट बैलाडिल्याला १९७८ च्या एप्रिलमध्ये यांत्रिकीकरणाने काम गेलेल्या मजुरांवर गोळीबार झाला. दोन्ही खाणी एकाच मुलखातल्या, एकाच धातूच्या, एकाच काळातल्या. फरक होता तो कामगारांना चर्चेत जागा मिळाली की नाही याचा. गोव्यातही जॉर्ज वाझ यांच्यासारख्या कम्युनिस्ट नेत्यांनी मुक्तीनंतर खाण कामगारांच्या संघटना बांधल्या आणि वेतनाचे करार मिळवले. तेव्हा यांत्रिकीकरण हे निसर्गनियमासारखे कोसळते आणि त्यापुढे इलाज नसतो, हे इतिहासाला धरून नाही.

बायका या बदलात सर्वांत आधी बाहेर पडल्या, आणि त्याला कायद्यानेही हातभार लावला. १९५२ च्या खाण कायद्याने स्त्रियांना संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी सहाच्या आत खाणीवर काम करायला बंदी होती. हेतू संरक्षणाचा होता. पण यंत्र आले की ते पाळ्यांत चालवले जाते, आणि ज्या कामगाराला रात्रपाळी देता येत नाही तो मालकाला नकोसा होतो. ही बंदी २०१९ मध्ये अटींसह सैल झाली. तोपर्यंत पाटीचे काम संपून एक पिढी उलटली होती. पाटी गेल्यावर खाणीचा माणूस म्हणजे ट्रकवाला, डंपरवाला असे समीकरण झाले. रेडीचा द्विभुज गणपती १९७६ मध्ये जमिनीतून वर आला तो एका ट्रकचालकाला झालेल्या दृष्टान्तानंतर, ही कथा जिल्हाभर आणि जिल्ह्याबाहेर ठाऊक आहे. रेडीच्या खाणीत राबलेल्या माणसांपैकी लोकस्मृतीत राहिला तो हा एकच, आणि तो खोदणारा नव्हे, वाहून नेणारा आहे. पुढे तर चालकाच्या जागी वाहनमालक आला. कर्ज काढून डंपर घ्यायचा, हप्ता फेडायचा, खाण चालू राहील या भरवशावर. २०१६ च्या मार्चमध्ये गौण खनिजांच्या वाहतुकीवरच्या दंडाविरुद्ध ओरोसला जिल्हाधिकारी कार्यालयासमोर जे मोठे आंदोलन झाले ते डंपरमालकांचे होते. चिरे कापणाऱ्या, खडी फोडणाऱ्या, वाळू उपसणाऱ्या मजुरांचे नव्हते. मालकही गावचेच, त्यांचीही अडचण खरी. तरीपण जिल्ह्यात खनिजाच्या प्रश्नावर आवाज कोणाचा ऐकू येतो, हे त्यातून दिसते.

रेडीबाबत एक वेगळी, अधिक दूरदृष्टीची कल्पनाही पुढे आली होती. कच्चा माल बाहेर पाठवण्यापेक्षा इथेच लोखंड का करू नये? १९९० च्या दशकात उषा इस्पातने रेडीत कच्च्या लोखंडाचा कारखाना उभारला. समुद्र शेजारी, खनिज शेजारी, तालुक्याला हात हवे आहेत, मग आणखी काय हवे? अशा कारखान्याला एका हंगामापुरती नव्हे, बारा महिन्यांची माणसे लागतात, म्हणून कामगारांच्या दृष्टीने ही खरोखर चांगली दिशा होती. पण पहिला मालक आर्थिक अडचणीत सापडला. २००० नंतरच्या दशकात हा कारखाना टाटा मेटॅलिक्सकडे गेला, काही वर्षे चालला, आणि २०११-१२ च्या आगेमागे पुन्हा बंद पडला. त्या सुमारास सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातल्या बेल्लारी, चित्रदुर्ग आणि तुमकूरच्या खाणींवर बंदी घातली होती आणि लोखंड गाळणाऱ्या सगळ्याच कारखान्यांना खनिज महाग झाले होते. खाणीच्या दारात उभा असलेला कारखाना खनिजाअभावी अडतो, हे वरवर चमत्कारिक वाटते. पण रेडीचे खनिज हलके. ते बाहेरच्या बाजारासाठी सोयीचे, म्हणून धोरणानेही त्याला बाहेरची वाट मोकळी करून दिली होती. दारातल्या भट्टीला या खनिजावर चालवायचे तर ते धुऊन, दळून, गोळ्या करून वापरण्याचा खर्चिक उद्योग उभारावा लागला असता. त्या खर्चाला प्रोत्साहन देणारी एकही ओळ त्या निर्यात धोरणात नव्हती. निर्यात सोपी आणि प्रक्रिया अवघड, अशा चौकटीत कारखान्याच्या कामगारांची नोकरी कितपत टिकणार होती?

इथे सर्वांत जोरदार आक्षेप येतो. लोक म्हणतात, खाणी बंद पडल्या त्या पर्यावरणवाद्यांमुळे आणि न्यायालयांमुळे. कामगारांचे नुकसान त्यांनी केले. तारखा नीट लावल्या तर हा आक्षेप टिकत नाही. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालची पश्चिम घाट समिती २०१० मध्ये नेमली गेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्राने रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात खाणींना नव्याने पर्यावरण मंजुरी देणे थांबवले. नव्याने, हा शब्द इथे महत्त्वाचा. चालू खाणी त्या आदेशाने बंद झाल्या नाहीत. गोव्यातली २०१२ ची बंदी आली ती न्या. शहा आयोगाच्या अहवालानंतर, आणि त्या अहवालात प्रश्न मुख्यतः बेकायदेशीर उत्खननाचा होता. २०१४ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की गोव्याचे खाणपट्टे २२ नोव्हेंबर २००७ लाच संपले होते. म्हणजे पाच वर्षे माल परवान्याविना निघत होता, आणि त्याच काळात, २०१०-११ मध्ये, गोव्यातून पाच कोटी टनांहून अधिक खनिज बाहेर गेले. न्यायालयाने पुढे वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली. पट्टे कायदेशीर ठेवणे, मर्यादेत काढणे, हे आधीच केले असते तर कामगाराला इतका मोठा धक्का बसला नसता. शिवाय भावाचा हिशेब वेगळाच आहे. १९० डॉलरचे खनिज २०१५ च्या अखेरीस ४० डॉलरच्या खाली आले. निर्यातशुल्कही २००७ मध्ये सुरू होऊन २०११ च्या शेवटी ३० टक्क्यांवर गेले. हलक्या खनिजाचा व्यापार या दोन दणक्यांनी मोडलाच असता, न्यायालय मध्ये असो वा नसो.

आणि ज्यांनी खाणींना विरोध केला ते बाहेरचे नव्हते. गाडगीळ समितीपुढे सावंतवाडी आणि दोडामार्ग तालुक्यांतल्या २५ ग्रामसभांनी आपली गावे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित करावीत असे ठराव केले. हे सगळे काजू-सुपारीच्या बागायतीवर आणि झऱ्यांच्या पाण्यावर जगणारे लोक. २०२१ च्या जुलैत कळणे इथल्या खाणीचा बांध फुटून चिखलाचा लोंढा वस्तीत आणि बागांत शिरला, तेव्हा त्या ठरावांमागची भीती किती खरी होती ते सगळ्यांना दिसले. खाणीतला मजूर आणि बागेतला शेतकरी हे एकमेकांचे शत्रू, असे चित्र काढणे सोयीचे आहे. प्रत्यक्षात ते पुष्कळदा एकाच घरात राहतात. दोघांनाही खाण कधी आणि कशी संपेल हे कोणी सांगितलेले नसते.

कारण खाण संपणार हे ठाऊक नव्हते असे कोणीच म्हणू शकत नाही. खाणीबद्दल खात्रीने सांगता येणारी तेवढी एकच गोष्ट आहे, आणि कायदेमंडळाने ती लिहूनही ठेवली होती. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात उद्योग बंद करताना कामगाराला प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन भरपाई म्हणून देण्याची तरतूद होती. मालकाच्या हाताबाहेरच्या अपरिहार्य कारणाने बंदी आली तर भरपाईला तीन महिन्यांच्या वेतनाची कमाल मर्यादा होती. पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात नमूद केले होते की आर्थिक तोटा, न खपलेला साठा, पट्ट्याची मुदत संपणे, आणि खाणीच्या बाबतीत खनिज संपणे, ही कारणे अपरिहार्य मानली जाणार नाहीत. फार न्याय्य विचार आहे हा. मुदत कधी संपणार हे पट्टा घेतानाच कळते आणि खनिज किती आहे हे खोदण्याआधी मोजलेले असते, मग शेवटच्या दिवशी हात वर करू नका, असे संसदेने खाणमालकांना सांगितले होते. अडचण पुढच्या पायरीवर आहे. भरपाईसाठी वर्षभराची सलग सेवा हवी, आणि उघड्यावरच्या कामासाठी बारा महिन्यांत २४० दिवसांची हजेरी म्हणजे सलग सेवा. आता रेडीच्या भराईचा हंगाम मोजू. १ ऑक्टोबर ते ३१ मे, एकूण २४३ दिवस. पगारी सुट्ट्या धरून हंगामातला जवळजवळ प्रत्येक दिवस हजेरीपटावर लागला तरच वर्ष भरते. चार दिवस ताप आला, पाऊस लांबला, जहाज उशिरा लागले, की ते वर्ष गेले. रोजंदारीवर आणि कंत्राटदाराच्या हाताखाली साप्ताहिक सुट्टी पगारी धरली जाईल याचीही हमी नाही. तेव्हा बंदरावरचा, ट्रकवरचा, जहाज भरणारा माणूस वीस हंगाम राबूनही कायद्याच्या लेखी एक वर्षाचा कामगार ठरू शकत नाही, अशी ही चौकट होती.

दुसरा कागद भारतीय खाण ब्युरोचा. २००३ मध्ये खनिज संवर्धन नियमांत दुरुस्ती होऊन प्रत्येक खाणीला बंद करण्याचा आराखडा सक्तीचा झाला. अंतिम आराखड्याच्या नमुन्यात एक स्वतंत्र मथळा आहे: खाण बंद झाल्याचे आर्थिक परिणाम आणि मनुष्यबळाची कपात. कामगार किती, त्यांना भरपाई काय, पर्यायी काम काय, हे तिथे लिहायचे. सरकारी कागदात हा प्रश्न इतक्या थेटपणे क्वचितच विचारला गेला असेल. पण आराखडा पाळला जावा म्हणून मालकाने जी रक्कम हमी म्हणून ठेवायची, ती वापरातल्या जमिनीच्या हेक्टरवर ठरते. आरंभी मोठ्या यांत्रिक खाणींना हेक्टरी २५ हजार, इतरांना १५ हजार. २०१७ च्या नियमांनी ती तीन आणि दोन लाखांवर नेली. ही हमी जमिनीची. खड्डा भरला नाही, झाडे लावली नाहीत तर सरकार ती जप्त करू शकते. मनुष्यबळाच्या मथळ्याखाली काहीही लिहा, त्यामागे एक पैशाची हमी नाही. टन आणि हेक्टर या दोन मापांत सगळा कारभार बसवला गेला आणि माणसासाठी तिसरे माप कधी घडवलेच नाही.

२०१५ मध्ये खनिज कायद्यात दुरुस्ती होऊन जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आली. जुन्या पट्ट्यांकडून स्वामित्वधनाच्या ३० टक्के आणि लिलावाने दिलेल्या पट्ट्यांकडून १० टक्के रक्कम जिल्ह्यात राहते. पाणी, आरोग्य, शिक्षण, कौशल्य यांवर त्यातला मोठा भाग खर्च करायचा असतो. हे पाऊल मोठे आहे यात शंका नाही, कारण पहिल्यांदाच खनिजाचा पैसा दिल्ली-मुंबईला न जाता जिल्ह्यात थांबला. पण हाही पैसा टनाचाच, फक्त एका पायरीने लांबून. भरभराटीच्या वर्षी तो भरपूर आणि बंदीच्या वर्षी नगण्य. चंद्रपूरसारख्या जिल्ह्यात कोळसा सतत निघत राहतो, तिथे हे चालून जाते. सिंधुदुर्गात, जिथे लोहखनिज जागतिक भावाच्या तालावर चालू-बंद होते, तिथे ज्या वर्षी कामगाराला नवे कौशल्य शिकायचे असते त्या वर्षी प्रतिष्ठानाची पेटी हलकी असते. गोव्यातल्या २०१४ च्या निकालाने विक्रीच्या १० टक्के रक्कम कायमस्वरूपी निधीत टाकण्याचा मार्ग दाखवला. तो पैसा पुढच्या पिढ्यांसाठी मुद्दल म्हणून राखायचा आहे, आणि ते योग्यच आहे. पण बंदीनंतरच्या वर्षांत गोवा सरकारला ट्रकमालक आणि बार्जमालकांसाठी तातडीच्या मदतीच्या आणि कर्जफेडीच्या योजना सार्वजनिक तिजोरीतून काढाव्या लागल्या. आधी बाजूला ठेवलेले काही नव्हते, म्हणून करदात्याने ते भरले. त्यातही ज्याच्या नावावर वाहन नव्हते, त्याला आपले नुकसान सिद्ध करायला कोणता कागद दाखवायचा हाच प्रश्न होता.

शेवटचा आक्षेप वेंगुर्ल्यात हमखास ऐकू येईल: खाणीची एवढी चिंता कशाला, तालुक्याला काजू आहे, आंबा आहे, मासळी आहे, आता पर्यटनही आहे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने १९५७ पासून जे काम केले त्याचा मला आदर वाटतो. 'वेंगुर्ला-४' आणि 'वेंगुर्ला-७' या काजूच्या जातींनी कोकणातल्या किती कातळांवर उत्पन्न उभे केले याची मोजदाद नाही, आणि काजू प्रक्रियेच्या कारखान्यांत बायकांना जे काम मिळाले ते खाणीच्या पाटीपेक्षा निश्चित बरे आहे. पण काजूचे कलम आज लावले तर उत्पन्नाला काही वर्षे लागतात, आणि कलम लावायला जमीन लागते. खाणीत रोजावर जाणारा माणूस बहुधा तोच असतो ज्याच्याकडे ती नसते किंवा सातबाऱ्यावर नाव नसते. बागायती हा तालुक्याचा पर्याय आहे. त्या माणसाचा पर्याय तो आपोआप होत नाही. खाण चालू असतानाच, हातात मजुरी असताना, त्याला कलमांची, नर्सरीची, प्रक्रियेची, नाहीतर यंत्रदुरुस्तीची वाट धरता यावी, यासाठी काही वर्षे आधी तजवीज हवी.

ती तजवीज कशी करायची हे अवघड नाही. खाण बंद करण्याच्या आराखड्यातला मनुष्यबळाचा मथळा आहेच. त्याला हेक्टरी हमीसारखी माणशी हमी जोडायची. खाणीत, बंदरावर, वाहतुकीत जितकी माणसे असतील, कंत्राटी धरून, तितक्यांच्या नावे मजुरीचा ठरावीक हिस्सा दरमहा बाजूला पडायला हवा, आणि तो टन निघो न निघो पडायला हवा. हजेरी हंगामाने मोजायची, २४० दिवसांनी नव्हे, म्हणजे वीस हंगाम राबलेला माणूस वीस वर्षांचा कामगार ठरेल. यादी ग्रामपंचायतीत लावायची, कारण कंत्राटदाराच्या वहीतले नाव दर हंगामाला बदलते पण गावाला माणूस ठाऊक असतो. याने खनिज महाग होईल आणि आधीच हलक्या मालाला गिऱ्हाईक मिळणार नाही, असे मालक म्हणतील. स्वामित्वधन १० वरून १५ टक्क्यांवर नेताना आणि निर्यातशुल्क ३० टक्क्यांवर चढवताना हा बोजा उद्योगाने सोसावा असे सरकारने गृहीत धरले होते. माणशी हमीचा बोजा त्यांच्या तुलनेत किती येतो ते एकदा मांडून पाहायला हरकत नाही. आणि मजुरीचा एवढा छोटा हिस्साही बाजूला काढणे परवडत नसेल, तर ती खाण आजवर कोणाच्या खर्चाने परवडत आली हे त्याच हिशेबात दिसेल.